स्क्रेपजवळ जमिनीवरून शिकार : लपण नेमके कुठे करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मिशिगनमध्ये जॅक्सनच्या बाजूला एका शेतकऱ्याने तुम्हाला आपल्या चाळीस एकरांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्याने शिकार करायची परवानगी दिली आहे. पश्चिमेला मक्याचे शेत, मधे ओकचे रान, त्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारा लहानसा ओढा, आणि पूर्वेला गच्च झुडपांची दलदल. दक्षिणेच्या हद्दीपलीकडे शेजाऱ्याचे कापून झालेले सोयाबीन. शेताच्या कडेने चार स्क्रेप, म्हणजे नर हरणांनी वासाची खूण ठेवायला उकरलेल्या जागा, आहेत, ओढ्याकाठी आत एक मोठा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मचाणावर चढणे बंद झाले आहे. गेल्या ऑक्टोबरात शेताच्या कडेच्या स्क्रेपपासून पंधरा यार्डांवर आठ संध्याकाळी बसलात, एक मादी आणि तिची पिले सोडली तर काही दिसले नाही. कॅमेऱ्यात मात्र त्याच जागी रात्री तीन वेगवेगळे नर आले. आता जमिनीवर कुठे बसावे?

आधी थेट उत्तर देते. शेताची कडा सोडा. ओढ्याकाठचा मोठा स्क्रेप धरा, आणि त्याच्यापासूनही चाळीसेक यार्ड दक्षिणेला बसा. तेही वायव्येकडून वारा येत असेल त्याच संध्याकाळी. बाकीचे सगळे या तीन वाक्यांचे स्पष्टीकरण आहे, पण ते समजून घ्या, कारण ओढ्याकाठचा तो स्क्रेप उद्या थंड पडला तर दुसरी जागा तुम्हालाच शोधायची आहे.

तुमच्या आठ संध्याकाळी का वाया गेल्या ते बघू. आपल्याकडे दक्षिण मिशिगनमध्ये ऑक्टोबरात वारा बहुधा पश्चिमेच्या बाजूने वाहतो, आणि थंडीची लाट आली की वायव्येकडून. हरणे दिवसभर पूर्वेच्या दलदलीत पडून असतात आणि संध्याकाळी पश्चिमेला मक्याकडे निघतात, म्हणजे वारा नाकावर घेत चालतात. तुम्ही बसलात शेताच्या कडेला. तुमच्या अंगाचा वास तुमच्या पाठीवरून निघून सरळ रानात, ओढ्यावर, तिथून दलदलीच्या तोंडाशी जात होता. नर तुम्हाला दिसण्याआधी दोनशे यार्डांवरच त्याला तुमची खबर लागलेली असणार. तो जागचा हलला नाही. अंधार पडल्यावर, तुम्ही गाडीत बसून निघून गेल्यावर, तो आरामात शेताकडे आला आणि तुमच्या कॅमेऱ्यात उमटला. ती मादी आली कारण ती कदाचित उत्तरेच्या कोपऱ्यातून आली असेल, तुमच्या वासाच्या पट्ट्यात ती शिरलीच नाही.

दुसरे कारण स्क्रेपच्या स्वभावात आहे. नर पुढच्या खुरांनी पाचोळा उकरून दोन-चार फुटांची जमीन उघडी करतो, वर लोंबणारी फांदी चावतो, चाटतो, कपाळ आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या ग्रंथी तिच्यावर घासतो, मग मागचे पाय जवळ आणून सांध्याच्या आतल्या बाजूच्या काळपट केसांवरून त्या उकरलेल्या मातीत लघवी सोडतो. हा गावच्या चावडीवरचा फलक समजा. अनेक नर येऊन आपले नाव लिहून जातात, माद्याही वाचून जातात. ज्यांनी ताडोबात किंवा पेंचमध्ये चितळाचा नर मागच्या पायांवर उभा राहून फांदीवर तोंड घासताना पाहिला आहे, त्यांना हे लगेच ओळखीचे वाटेल. वासाने बोलण्याची रीत एका कुळातली आहे. पण हा फलक वाचायला हरणे मुख्यतः रात्री येतात. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी स्क्रेपवर कॅमेरे लावून नोंदी केल्या तेव्हा सुमारे ८५ टक्के भेटी रात्रीच्या निघाल्या. शेताच्या उघड्या कडेवर तर दिवसाउजेडी मोठा नर जवळजवळ येतच नाही. तरुण नर येईल, मादी येईल.

म्हणून माझा पहिला नियम असा आहे की ज्या स्क्रेपवर उजेड असताना नर पोहोचू शकतो तोच स्क्रेप कामाचा. आणि तो बहुतेक वेळा शेतापासून आत, विसाव्याच्या जागेकडे सरकलेला असतो. चौकोनी चाळीस एकर म्हणजे एका बाजूला ४४० यार्ड. तुमचा ओढा शेताच्या कडेपासून साधारण १२० यार्ड आत आणि दलदलीच्या तोंडापासून शंभरेक यार्ड अलीकडे, असे तुम्ही दिलेल्या अंतरांवरून दिसते. नर सूर्य असताना उठतो, अंग झाडतो, आणि शेतावर अंधार पडेपर्यंत झाडीतच रेंगाळतो. ओढ्याकाठचा स्क्रेप नेमका त्या रेंगाळण्याच्या पट्ट्यात आहे. तिथे तो साडेपाचला आला तर शेतावर साडेसातला जाईल. तुम्हाला साडेपाचचा नर हवा आहे.

तो स्क्रेप खरोखर चालता आहे का हे एकदाच जाऊन तपासा, भर दुपारी, शक्यतो पाऊस येण्याआधी, म्हणजे तुमचा माग धुऊन जाईल. माती ओलसर आणि पाचोळ्याशिवाय हवी. वरची फांदी मोडलेली, चावलेली, टोकाला सोललेली हवी, साधारण तुमच्या छाती-डोक्याच्या उंचीवर. फांदी नसलेला उकरा मी मोजतच नाही. उकरलेली माती कोणत्या बाजूला फेकली गेली आहे ते बघा. नर माती स्वतःच्या मागे उडवतो, म्हणजे मातीचा ढीग ज्या बाजूला, त्या बाजूने तो आला. तुमच्याकडे ढीग पूर्वेला असेल तर तो दलदलीतून निघून इथे थांबतो, संध्याकाळचा पाहुणा आहे. ढीग पश्चिमेला असेल तर शेतावरून परत जाताना थांबतो, पहाटेचा. जवळच्या खोडांवर शिंगे घासल्याचे व्रण असतील तर तेही हेच सांगतात, खोडाची जी बाजू सोललेली असते त्या बाजूने तो चालत आलेला असतो. बोटे लावू नका, फांदीला धरू नका. एक कॅमेरा लावायचा तर दूरवर, उंच, आणि पंधरा दिवस त्याच्याकडे फिरकू नका.

आता बसण्याची जागा. इथेच मचाण आणि जमीन यांतला फरक सगळ्यात जास्त जाणवतो. वीस फुटांवर बसलेल्या माणसाचा वास काही वेळा हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. जमिनीवर बसलेल्याचा वास हरणाच्या नाकाच्याच उंचीवर वाहतो. मचाणावरच्याला वाऱ्याची एखादी चूक माफ होते, आपल्याला होत नाही.

अनुभवी नर स्क्रेपवर सरळ चालत येत नाही. तो वाऱ्याखालच्या बाजूने, म्हणजे वारा स्क्रेपवरून जिकडे वाहत जातो त्या बाजूने, वीस-तीस, कधी पन्नास यार्डांवरून आडवा निघून जातो. तेवढ्यात त्याला वासाने कळते की कोण येऊन गेले. जवळ जाण्याची गरज त्याला प्रत्येक वेळी पडत नाही. म्हणून स्क्रेपवर नजर लावून, स्क्रेपच्या वाऱ्याखाली वीस यार्डांवर बसणारा शिकारी नेमका नराच्या वाटेवर बसतो, किंवा नराला आपल्या मागून जायला भाग पाडतो. हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. २००६ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी एका स्क्रेपपासून बारा यार्डांवर, उत्तरेचा वारा तोंडावर घेऊन बसले होते. तीन तास समोर बघत होते. पावणेसहाला माझ्या पाठीमागे, दहा पावलांवर, असा फुत्कार झाला की हातातला बाण कमानीवरून घसरला. वळून पाहिले तेव्हा पांढरी शेपटी झाडांतून उड्या मारत गेलेली. तो माझ्या वाऱ्याखालूनच आला होता, स्क्रेपच्याही वाऱ्याखालून. त्याच्या दृष्टीने तो अगदी योग्य वाटेने आला होता. चुकीच्या जागी मी होते. त्या हंगामात तो नर मला पुन्हा दिसला नाही.

त्यानंतर मी स्क्रेपसाठी जागा निवडणे सोडले आणि स्क्रेपच्या वाऱ्याखालून जाणाऱ्या त्या आडव्या वाटेसाठी जागा निवडायला लागले. तुमच्या बाबतीत हे असे बसते. वायव्येचा वारा म्हणजे स्क्रेपचा वास आग्नेयेकडे वाहणार. नर पूर्वेच्या, थोड्या ईशान्येच्या बाजूने दलदलीतून येणार आणि स्क्रेपच्या आग्नेयेला, पंचवीस-तीस यार्डांवर वळसा घेणार. तुम्ही स्क्रेपच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला चाळीस यार्डांवर असाल तर तो वळसा तुमच्यापासून अठ्ठावीसेक यार्डांवर येतो. तुमचा वास तुमच्यापासून आग्नेयेकडे, सोयाबीनच्या उघड्या रानावर निघून जातो. तिथे उजेडात हरीण नसते. त्याची वाट तुमच्या वासाच्या पट्ट्याच्या उत्तरेला राहते. तो पट्टा त्याच्या वाटेपासून थोडक्यात चुकलेला असावा लागतो. फार सुरक्षित वारा निवडायला गेलात तर तो नरासाठी गैरसोयीचा असतो आणि नर येतच नाही. त्याला वाटले पाहिजे की वारा आपल्या बाजूचा आहे.

तोंड पूर्व-ईशान्येकडे करून बसा. वारा तुमच्या डाव्या गालावर आणि थोडा मानेवर लागेल. सूर्य बरोबर पाठीमागे मावळेल, त्यामुळे येणाऱ्या हरणाच्या डोळ्यांत उजेड आणि तुम्ही सावलीत. तुम्ही उजव्या हाताने बाण सोडत असाल तर बसल्या जागेवरून डावीकडे वळणे सोपे, उजवीकडे जवळजवळ अशक्य. म्हणून स्टूल किंचित उजवीकडे, पूर्वेकडे वळवून ठेवा, म्हणजे नेम धरायची जागा आपोआप डाव्या हाताला येते.

वारा नेमका कुठे जातो हे पावडरच्या बाटलीने कळत नाही, ती चार फुटांवर विरते. इथे शेताच्या कडेला मिल्कवीडच्या शेंगा पिकून फुटतात. आपल्या रुईच्या कुळातलेच झाड, आणि आतून तशाच रेशमी म्हाताऱ्या निघतात. लहानपणी आपण त्या फुंकून त्यांच्यामागे धावायचो. सप्टेंबरात चार शेंगा खिशात घाला. बसल्यावर दर अर्ध्या तासाला एक म्हातारी सोडा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघा. झाडीत वारा ओंडक्याला वळसा घालतो, खड्ड्यात बुडतो, कधी उलटा फिरतो. माझ्या तीन आवडत्या जागा मी म्हातारी बघून सोडून दिल्या आहेत, कारण वीस यार्ड गेल्यावर ती वळून हरणांच्या वाटेवर जात होती.

ओढ्यामुळे तुम्हाला एक फायदा आहे आणि एक धोका. सूर्य कलला की जमिनीलगतची हवा थंड होऊन पाण्यासारखी उताराने वाहू लागते. वारा पडला तर शेवटचा अर्धा तास हीच हवा राज्य करते. तुमचा ओढा दक्षिणेकडे वाहतो आणि तुम्ही स्क्रेपच्या दक्षिणेला आहात, म्हणजे तुमचा वास ओढ्याबरोबर खाली, हरणापासून दूर जाईल. उत्तम. पण याच कारणाने नैर्ऋत्येच्या वाऱ्यासाठी स्क्रेपच्या उत्तरेला दुसरी बैठक करायची असेल तर ती फक्त वारा भरून वाहत असलेल्या संध्याकाळीच वापरा. वारा पडला की तुमचा वास सरळ स्क्रेपवर वाहत येईल. वारा निव्वळ पश्चिमेचा असेल तर दक्षिणेची बैठकही नको, वास दलदलीच्या तोंडाशी जातो. पूर्वेच्या वाऱ्यात घरी थांबा, किंवा दुसरीकडे बसा. एका जागेवर चुकीच्या वाऱ्यात बसण्याची किंमत एक संध्याकाळ नसते, उरलेला हंगाम असतो. हे स्वीकारायला मला फार वर्षे लागली, कारण कामावरून कशीबशी सुट्टी काढलेली असते आणि वारा मात्र बदललेला असतो. तुमचाही शनिवार असाच जाईल. जाऊ द्या.

नेमकी बूड टेकायची जागा शोधताना समोरच्या आडोशापेक्षा पाठीमागच्याला जास्त महत्त्व द्या. नवीन माणूस समोर फांद्यांची भिंत रचतो आणि पाठीमागे आभाळ उघडे ठेवतो. हरणाला मग भिंतीच्या वर डोके हलताना दिसते. तुमच्या खांद्यांहून रुंद खोड, किंवा वाऱ्याने उपटून पडलेल्या ओकच्या मुळांचा चिखलाने भरलेला गड्डा, हे सगळ्यात चांगले लपण. मी सात हंगाम एकाच उपटलेल्या ओकच्या मुळांत बसते. समोर गुडघाभर उंचीच्या चार काटक्या, बस्स. पाठ इतकी काळी आणि विस्कटलेली आहे की आठ यार्डांवर उभ्या राहिलेल्या मादीने मला पूर्ण दोन मिनिटे निरखले आणि शेपटी हलवून पुढे निघून गेली. चाळीस यार्ड दक्षिण हे अंतर मी दिले ते कागदावरचे आहे. जागेवर गेल्यावर पस्तीस ते पन्नास यार्डांच्या पट्ट्यात असे खोड, असा गड्डा, पडलेले झाड, सीडरचे झुडूप शोधा आणि त्याप्रमाणे सरका.

तंबूसारखे तयार लपण वापरायचे का, असेही तुम्ही विचारले आहे. शेतावर, उघड्यावर ते चांगले. रानात स्क्रेपपासून चाळीस यार्डांवर एक काळा डबा अचानक उगवला तर प्रौढ हरीण ते खपवून घेत नाही. वापरायचेच असेल तर स्क्रेप उघडण्याआधी, सप्टेंबरच्या मध्यात ठेवा, छप्पर आणि कडांची सरळ रेघ तिथल्याच फांद्या लावून मोडा, मागच्या खिडक्या बंद ठेवा आणि आत काळे कपडे घाला. तुमच्या गुडघ्याचा विचार करता त्याचा एक मोठा लाभ आहे, पाय लांब करता येतात. जमिनीवर उघड्यावर तीन तास न हलता बसणे ही शिकारीतली सगळ्यात कठीण गोष्ट आहे, आणि दुखणारा गुडघा तुम्हाला चुकीच्या क्षणी हलवेल. म्हणून उघड्यावर बसलात तरी स्टूल पाठ टेकता येईल असे घ्या, आणि इतके उंच की धनुष्याचे खालचे टोक जमिनीला लागणार नाही. घरी त्याच स्टुलावर बसून, त्याच जाड कोटात, महिनाभर सराव करा. पायाखालचा पाचोळा मातीपर्यंत साफ करून ठेवा, वाळलेले एक पान बुटाखाली चुरले तरी चाहूल लागते.

हरणाला केशरी रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण निळा आणि अतिनील उजेड त्याला चांगला दिसतो. म्हणून शिकारीचे कपडे 'जास्त शुभ्र' करणाऱ्या साबणात धुऊ नका, ते त्याला चमकताना दिसतात. निळी जीन्स नको. आणि आपल्या घरांतली एक खास गोष्ट आहे. हिंग-मोहरीची फोडणी, तळण, उदबत्ती, या सगळ्यांचा वास कपाटातल्या लोकरीत महिनोन्महिने राहतो. माझे शिकारीचे कपडे गॅरेजमध्ये झाकणाच्या डब्यात असतात, स्वयंपाकघरात येत नाहीत आणि गाडीतही अंगावर नसतात, तिथे पोहोचल्यावरच घालते. याने माणसाचा वास जात नाही, कशानेच जात नाही. फक्त वाऱ्याने चूक केली तर ती थोडी लहान होते. याच कपड्यांवर गोचिडीसाठी पर्मेथ्रिन आधी मारून सुकवून ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रौढ गोचिडी फिरत असतात, लाइम आजार त्यांच्यामुळेही होतो, आणि आपण जमिनीवर बसणारे आहोत. घरी आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागची बाजू तपासल्याशिवाय झोपू नका.

कधी बसावे यावर एकच गोष्ट पक्की धरा. आपल्याकडे धनुष्याचा हंगाम १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर, आणि १५ नोव्हेंबरला बंदुकीचा सुरू होतो. स्क्रेपजवळ बसायचे दिवस म्हणजे साधारण २३ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर. त्याआधी नर फलक लिहितो पण उजेडात येत नाही. त्यानंतर माद्या माजावर येऊ लागतात, नर त्यांच्यामागे धावत सुटतो आणि स्क्रेपवर पाचोळा साचतो. त्या दोन आठवड्यांत थंडीची पहिली चांगली लाट, पाऊस थांबून वायव्येचा वारा सुटलेली संध्याकाळ आली की सगळे सोडून जा. तोपर्यंत त्या जागेवर पाय ठेवू नका. पहिल्या बैठकीला जी संधी असते ती चौथ्या बैठकीला उरत नाही. सकाळची बैठक तुमच्या जमिनीवर मी सुचवणार नाही, अंधारात जाताना शेतावरची हरणे तुमच्या आणि दलदलीच्या मधे असतात आणि तुम्ही त्यांना उधळून लावता.

जाण्याची वाट ही जागेचाच भाग समजा. शेतातून सरळ ओढ्याकडे चालत गेलात तर चारही स्क्रेपच्या वाटा तुडवता. दक्षिणेच्या हद्दीने पूर्वेकडे चला, ओढा लागला की पाण्यात उतरा, रबरी बुटांनी पाण्यातूनच वर या आणि बैठकीजवळ काठावर चढा. आवाज पाण्यात बुडतो, माग राहत नाही. दुपारी दोनपर्यंत बसलेले असा.

जागा चांगली पण वारा कधीच जुळत नाही, असेही होते. तेव्हा बैठक हलवण्याऐवजी स्क्रेप हलवा. जिथे वारा, पाठ आणि वाट तिन्ही तुमच्या बाजूची आहेत तिथे, हरणांच्या चालत्या पायवाटेवर, छातीच्या उंचीवर एक लोंबणारी फांदी किंवा जंगली द्राक्षाची वेल बांधा आणि तिच्याखालचा पाचोळा काठीने बाजूला करा. हे सप्टेंबरात, रबरी हातमोजे घालून. बाटलीतली हरणाची लघवी विकत घेऊ नका. तिची गरज नाही, फांदीच त्यांना ओढते. शिवाय हरणांचा क्षयकारी मेंदूरोग, ज्याला इथे सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात, लघवीतूनही पसरू शकतो. मिशिगनच्या मोकळ्या हरणांत तो २०१५ मध्ये इंगहॅम परगण्यात पहिल्यांदा सापडला, तुमच्या जागेपासून फार दूर नाही. याच रोगामुळे राज्याच्या खालच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात २०१९ पासून आमिष टाकून शिकार करायला बंदी आहे, मक्याची कणसे आणून ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

बाण सोडण्याबद्दल. मचाणावरून कोन खाली असतो, जमिनीवरून सपाट, त्यामुळे आडवा उभा असलेला नर खांद्यामागे, अंगाच्या उंचीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात, दोन्ही फुप्फुसांतून जाणारा सरळ रस्ता देतो. थोडा तिरका, तुमच्यापासून पुढे जाणारा असेल तर आणखी चांगले. समोरासमोर तोंड करून उभा असेल तर सोडू नका, कितीही जवळ असला तरी. जमिनीवर असे वारंवार होते. धनुष्य ओढायचे ते त्याचे डोके झाडामागे गेल्यावर किंवा तो फांदीकडे तोंड वर करून गुंतल्यावर. म्हणून बसतानाच त्याच्या वाटेवरची दोन जाड झाडे हेरून ठेवा, ती तुमचे पडदे आहेत. माझ्या मुळांच्या गड्ड्यातून मिळालेले चारही नर मी त्याच एका हिकरीच्या खोडामागे डोके गेल्यावर धनुष्य ओढून घेतले. आणि १५ तारखेनंतर इथेच बंदूक घेऊन बसलात तर एक गोष्ट विसरू नका, मचाणावरून सुटलेली गोळी जमिनीत जाते, तुमची गोळी सपाट जाते. हरणामागे मातीचा चढ दिसत नसेल तर ती गोळी सोडायची नाही. परवानगीशिवाय वस्तीच्या घराच्या ४५० फुटांच्या आत बंदुकीने शिकार करता येत नाही, आणि त्या दिवसांत केशरी कपडा चारही बाजूंनी दिसला पाहिजे. जमिनीवर झाडीत बसलेल्या माणसासाठी हा नियम जीवनमरणाचा आहे.

भारतातून कोणी हे वाचत असेल तर सांगते, तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. इथली गोष्ट वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण मिशिगनमधून हे हरीण जवळजवळ संपले होते. आज राज्यात सुमारे वीस लाख आहेत, खालच्या द्वीपकल्पात लांडगा नाही, आणि परवान्याच्या पैशावर त्यांची देखरेख चालते. मारलेले हरीण ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंदवावे लागते. आम्ही दोघेच खाणारे, म्हणून एक हरीण फ्रीजरमध्ये राहते आणि दुसरे असेल तर भुकेल्यांना मांस पोहोचवणाऱ्या योजनेला देते.

बाण लागला तर लगेच उठू नका. शेवटचा दिसला ते झाड लक्षात ठेवा, अर्धा तास घड्याळ लावून बसा, बाण पोटात लागल्याची शंका असेल तर निदान सहा तास द्या. आणि काहीच आले नाही, अंधार पडला आणि मक्यावर हरणे उभी असली तर उठून त्यांच्यातून चालत जाऊ नका. ओढ्याच्या पाण्यातून, आलात त्याच वाटेने दक्षिणेला उतरा. तीही वाट अडलेली असेल तर शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवा की आठ वाजता ट्रॅक्टर किंवा गाडी घेऊन शेतावरून एक चक्कर मारा. त्याच्या गाडीला ती रोज बघतात, बाजूला सरतात आणि विसरतात. तुम्हाला पाहिले तर त्या काठावर पुढचे दहा दिवस ती उजेडात येणार नाहीत.